जे. पी. नगरात पुणे केंद्र लागतं तेव्हा

आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि काहीशे किलोमीटरांत विरून जातात. रात्री त्या वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांबवर पोचतात खऱ्या, पण येताना खरखर आणि दुसऱ्या केंद्रांची सरमिसळ घेऊन येतात. बेंगळुरू पुण्यापासून रस्त्याने आठशे किलोमीटरांहून दूर. त्यामुळे एचएएल, आयटीआय, एचएमटी किंवा बीईएलमधल्या नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी कुटुंबाचा सकाळचा रेडिओ मागे राहायचा. सोबत यायच्या त्या काही तबकड्या, नंतर कॅसेटी, आणि सुट्टीत गावी गेल्यावर कानांवर पडेल तेवढं.

आज बेंगळुरूतल्या जे. पी. नगर या वस्तीच्या कुठल्याही फेजमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेल्या फोनवर पुणे केंद्र स्वच्छ लागतं. मुंबईची अस्मिता वाहिनी लागते, सांगली लागते, विविध भारती लागते. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर आकाशवाणीच्या २४०हून अधिक सेवा ऐकता येतात. शहरवार श्रोत्यांची जी क्रमवारी प्रसार भारतीने २०२१च्या सुमारास वेळोवेळी प्रसिद्ध केली, तिच्यात पुणे आणि बेंगळुरू ही दोन शहरं वारंवार अगदी वरच्या जागांवर होती. मराठी श्रोत्यासाठी ही जोडी बोलकी आहे. एक शहर त्याच्या रेडिओचं घर. दुसरं, त्याची मुलं जिथे नोकरीला गेली ते.

प्रश्न मात्र पल्ल्यापुरता नाही. गेल्या पिढ्यांचं संगीत पुढच्या पिढीच्या कानांत उतरवण्याचं काम पूर्वी घरातला एकच रेडिओ करत असे. ते काम इंटरनेटवरचा रेडिओ करतो का, की तो घरापासून दूर आलेल्या मोठ्यांची हुरहुर शमवतो आणि तिथेच थांबतो?

या प्रश्नाला हात घालणारा एक अभ्यास उपयोगी आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रमहॅन्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. साधारण विशीतल्या ६२ विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातल्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवून, कुठली ओळखीची वाटतात, कुठल्यांशी आठवणी जोडलेल्या आहेत, असं विचारलं. अलीकडची गाणी जास्त ओळखीची निघाली, हे अपेक्षितच होतं. पण आलेख मागे जाताना सरळ उतरत गेला नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे या मुलांचे आईवडील तरुण होते त्या काळाशी, तो पुन्हा वर आला, आणि १९६०च्या दशकाशी आणखी एकदा, थोडा कमी. संशोधकांनी दिलेलं स्पष्टीकरण साधं आहे: ही गाणी मुलांनी निवडलेली नव्हती, ती घरात वाजत होती.

घरात वाजत होती, हेच महत्त्वाचं. कानांत खुपसलेल्या इअरफोनमधून आईने ऐकलेलं माणिक वर्मांचं गाणं मुलीपर्यंत पोचत नाही. तेच गाणं ओट्यावरून, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधून रोज ऐकू आलं तर पोचतं, मुलीचं लक्ष असो वा नसो. इंटरनेटवरचा रेडिओ पिढ्या जोडतो की तोडतो हे तंत्रज्ञानावर ठरत नाही. तो मोठ्याने लावला जातो का, आणि ठरावीक वेळी लावला जातो का, यावर ठरतं.

ठरावीक वेळेची ताकद मराठी माणसाने फार जवळून पाहिली आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पना केंद्राचे सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. पुढे वर्षभर आठवड्याला एक अशा हिशेबाने १९ एप्रिल १९५६पर्यंत ५६ गीतं झाली. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या वाढली. माडगूळकर आठवड्याच्या आठवड्याला लिहीत होते, फडके चाल बांधत होते, वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा यांच्यासारखे गायक येऊन गात होते, आणि ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे शेजारपाजार जमत होता. गाणं आधी वेळेला बांधलं गेलं, मग स्मरणात गेलं. पुढे त्याचे कन्नडसह अनेक भाषांत अनुवाद झाले.

रेडिओने कुणाची गाणी लावायची, यावर त्याच दशकात मोठा वाद झाला, आणि त्याच्या केंद्रस्थानीही एक मराठी माणूस होता. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रेडिओ संगीत संमेलन सुरू झालं, आणि चित्रपटगीतांवर कात्री चालली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे १९५२ मध्ये अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांचा आग्रह एकांगी होता, पण आज ज्या गायकांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणं आपण ऐकतो त्यांतली कितीतरी त्या आग्रहामुळेच आकाशवाणीच्या कपाटात आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींची फळं आता एकाच अ‍ॅपवर शेजारी शेजारी लागतात.

बेंगळुरूचं या गोष्टीतलं स्थान श्रोत्याएवढंच नाही. ‘आकाशवाणी’ हे नावच कर्नाटकातून आलं. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या घरातून प्रक्षेपण सुरू केलं. त्यांच्या केंद्राचं नाव पुढे साऱ्या देशाच्या रेडिओने घेतलं. १९५५ मध्ये ते केंद्र म्हैसूरहून बेंगळुरूला आलं. आणि २६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली, तीही बेंगळुरूहूनच. ही वाहिनी प्रामुख्याने इंटरनेट, मोबाइल आणि डीटीएचसाठी काढलेली. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धतींचं संगीत तिच्यावर आलटून पालटून लागतं. बेंगळुरूच्या एफएमवर १००.१ मेगाहर्ट्झवर ‘अमृतवर्षिणी’ आधीपासून होती. ‘रागम’ने तसला खजिना शहराबाहेर नेला.

मराठी घराला ‘रागम’ परकी वाटत नाही याचं कारण इतिहासात आहे. गदग जिल्ह्यातले भीमसेन जोशी मराठी अभंगांनी घराघरांत गेले आणि कन्नड दासवाणीनेही. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे. पहिलं शिक्षण मिरजेच्या नीळकंठबुवांकडे, पुढचं मुंबईत मंजी खाँसाहेबांकडे. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या तर ‘गांधारी हुबळीकर’ या नावाने निघाल्या, आणि जी. एन. जोशींबरोबर त्यांनी मराठी भावगीतंही गायली. १९३०च्या दशकातल्या त्या तबकड्यांतला कोवळा, बारीक आवाज ऐकून नंतरच्या भारदस्त गंगूबाई ओळखायला वेळ लागतो. कन्नड भावगीताचा आधारस्तंभ असलेले कवी द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी होती. जे. पी. नगरमधलं मराठी मूल शाळेत कन्नड शिकतं आणि घरी बेंद्र्यांची कविता पी. कालिंग राव किंवा सी. अश्वथ यांच्या गळ्यातून ऐकतं, तेव्हा ते आपल्या भाषेपासून लांब जात नसतं. आजीआजोबांच्या काळी ही दोन दालनं एकाच घराची होती.

जे. पी. नगरात याचा पुरावा पायी चालत जाऊन पाहता येतो. दुसऱ्या फेजमधलं ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह २००४ मध्ये सुरू झालं, अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ आणि अरुंधती नाग यांच्या चिकाटीने. दोघांचीही घडण मुंबईच्या रंगभूमीवर झाली. शंकर नाग तिथे मराठी नाटकांत काम करत, आणि ‘२२ जून १८९७’ या १९७९च्या मराठी चित्रपटातही ते होते. ‘रंगशंकरा’चे दोन नियम सगळ्या शहराला पाठ आहेत. शक्यतो रोज एक नाटक, आणि ठरल्या वेळेला दार बंद. उशिरा आलेल्याला प्रवेश नाही. नाट्यगृहाने रोजच्या वेळेची ही शिस्त धरली म्हणून आजूबाजूच्या वस्तीत नाटक पाहणारी नवी पिढी तयार झाली. ही शिस्त आणि रेडिओची शिस्त एकाच जातीची आहे.

आता जुनं संगीत मिळायला रेडिओ कशाला हवा, हा आक्षेप. सगळंच तर एका बोटावर आहे. आणि खरंच, गेल्या काही दशकांत संग्राहकांनी डोंगराएवढं काम केलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सुरेश चांदवणकर यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी करून तबकड्यांचे अभ्यासक एकत्र आणले. अलका विभास यांच्या ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने मराठी गीतांचे शब्द, कवी, संगीतकार आणि गायक यांची अचूक नोंद ठेवण्याचं काम निष्ठेने चालवलं. परदेशातल्या कितीतरी मराठी मंडळांचे गाण्यांचे कार्यक्रम त्याच्या आधाराने बसवले जातात. बेंगळुरूतच इतिहासकार विक्रम संपत यांनी ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ स्थापन करून ७८ फेऱ्यांच्या तबकड्या डिजिटल केल्या आणि सर्वांना फुकट ऐकायला खुल्या केल्या.

संपत यांना या कामाची ओढ लागली ती गौहर जान यांच्यामुळे. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणं केली, त्यांत गौहर जान होत्या. तीनेक मिनिटांचं गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगत. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या माणसांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ही सोय होती. आयुष्याच्या शेवटी त्या म्हैसूर दरबारात आल्या आणि १९३० मध्ये तिथेच वारल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो आवाज कुठल्या रागात काय गातो हे न कळणाऱ्यालाही त्यांचं नाव मात्र कळतं.

पण साठा आणि प्रसारण यांत फरक आहे. साठ्यात तेच सापडतं जे शोधायला माणूस जातो. ज्याचं नाव माहीत नाही ते शोधणार कसं? बारा वर्षांचा मुलगा ‘गजाननराव वाटवे’ ही अक्षरं शोधपट्टीत लिहिणार नाही. त्याला ती माहीतच नसतात. कुणीतरी न विचारता वाटव्यांचं गाणं लावावं लागतं, आणि ते संपल्यावर नाव सांगावं लागतं. आकाशवाणीच्या निवेदिका पिढ्यान्‌पिढ्या गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगत आल्या. एका वाक्यातलं हे शिक्षण आहे. श्रीनिवास खळे, यशवंत देव, दशरथ पुजारी ही नावं ज्यांनी कधी छापलेली पाहिली नाहीत अशा लाखो लोकांना ती ठाऊक आहेत, ती यामुळे.

इंटरनेटवरच्या रेडिओची उणीव इथेच दिसते. अ‍ॅप उघडलं की केंद्राचं नाव येतं. चालू गाण्याचं नाव, गायक, साल यांचा पत्ता नसतो. दाराची घंटा वाजली म्हणून निवेदन हुकलं की गाणं निनावी झालं. इंटरनेटवर येणारा आवाज तुकड्यातुकड्यांनी साठवत येतो, त्यामुळे तो काही सेकंद मागे असतो. निवेदिका आठ वाजल्याचं सांगते तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आठ ओलांडून गेलेला असतो. सेकंदांचं काही बिघडत नाही. नावांचं बिघडतं. आकाशवाणीकडे प्रत्येक ध्वनिमुद्रणाची नोंद असते. ती पडद्यावर आणणं आजच्या घडीला अवघड नाही आणि ते व्हायलाच हवं.

बाहेरच्या जगात हे करून दाखवलेलं आहे. कॅलिफोर्नियात २००० मध्ये सुरू झालेलं ‘रेडिओ पॅराडाइज’ जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. माणसं बसून गाणी निवडतात, सत्तरच्या दशकातल्या गाण्याला आजचं जोडतात, आणि प्रत्येक गाण्याची माहिती समोर दिसते. ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २०२१ला ‘बूम रेडिओ’ निघाला, दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या पिढीसाठी, आणि तिच्याच वयाच्या निवेदकांना घेऊन. ‘रेडिऊऊऊ’ या फ्रेंच उपक्रमात जगाच्या नकाशावर देश निवडायचा, मग दशक निवडायचं, की त्या काळचं तिथलं संगीत सुरू. त्यातला पहिला नमुना सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तिथे दशकं वेगळी काढून ठेवलेली नाहीत. केवळ साठीच्या श्रोत्यासाठी काढलेला रेडिओ साठीच्या श्रोत्याबरोबरच संपण्याचा धोका असतो.

आपल्याकडे याच गरजेवर सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ‘कारवां’ काढला: जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, ५,००० गाणी भरलेला संच. पुढे मराठी आणि कन्नड गाण्यांचेही संच आले. मुलांनी आईवडिलांना तो भेट दिला, म्हणजे प्रवास उलट झाला, धाकट्यांकडून थोरल्यांकडे. संच मोठ्याने वाजतो, बटणाने चालतो, इंटरनेट लागत नाही. वयस्क माणसाला याहून सोयीचं काही नाही. पण त्यातली गाणी एकाच कंपनीच्या मालकीची. आकाशवाणीने स्वतः ध्वनिमुद्रित केलेली भावगीतं, संगीतिका, नभोनाट्यांतली पदं कुठल्याच कंपनीच्या तबकडीवर आली नाहीत, ती तिथे कशी मिळणार? मुंबई केंद्रावर यशवंत देवांनी ‘भावसरगम’मधून महिन्याला नवं गीत देण्याची प्रथा रुजवली. असलं धन फक्त रेडिओकडेच आहे, आणि ते तबकडीपेक्षा कितीतरी नाजूक आहे. ध्वनिफीत वाचवायला पैसा लागतो, ओलावा आणि बुरशी आवरावी लागते, आणि ती ऐकून ओळखणारा माणूस नोकरीत असावा लागतो.

राहिला कायदा. जे. पी. नगरातल्या चार संगीतप्रेमींनी उद्या जुन्या मराठी-कन्नड गाण्यांचा छोटा इंटरनेट रेडिओ काढायचं ठरवलं, तर त्यांची गाठ आधी याच्याशी पडते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ३१-ड आलं. त्यानुसार प्रसारक आगाऊ सूचना देऊन, ठरवून दिलेल्या दराने स्वामित्वधन भरून कुठलंही प्रकाशित गाणं वाजवू शकतो. मालकाच्या दारात जाऊन परवानगी मागावी लागत नाही. ही सोय इंटरनेटला आहे का? टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाही असं उत्तर दिलं: ३१-ड रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम केलं. तो खटला मोठ्या कंपन्यांमधला, गाणी मागाल तेव्हा ऐकवणाऱ्या आणि उतरवून देणाऱ्या सेवेविषयीचा होता, आणि अशा सेवेला सवलतीचा दर नाकारणं समजण्यासारखं आहे. पण ठरावीक वेळी, आपल्या क्रमाने जुनी गाणी लावणारा छोटा रेडिओही त्याच जाळ्यात सापडला. त्याला प्रत्येक कंपनीशी, प्रत्येक संस्थेशी वेगळा करार करावा लागतो.

जुन्या गाण्यांचे हक्क तर संपले असतील, असं वाटणं साहजिक आहे. ते अर्धंच खरं. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९५०च्या दशकातल्या तबकड्या मुद्रण म्हणून मोकळ्या झाल्या आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरीपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. कवी-संगीतकारांच्या वारसांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावं. अडचण पैशांची कमी आणि परवानग्यांच्या खिडक्यांची जास्त आहे.

अमेरिकेने १९९८च्या कायद्याने यावर एक तोडगा काढला. श्रोत्याला हवं ते गाणं हवं तेव्हा न देणाऱ्या इंटरनेट रेडिओला तिथे ध्वनिमुद्रणांसाठी एकच वैधानिक परवाना मिळतो, दर सरकारी मंडळ ठरवतं, पैसे ‘साउंडएक्स्चेंज’ ही संस्था गोळा करून कलाकार आणि कंपन्यांना वाटते. बदल्यात बंधनं आहेत: तीन तासांत एका अल्बममधली तीनच गाणी, आणि पुढे काय लागणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. म्हणजे रेडिओने रेडिओच राहायचं. शब्द आणि चालींसाठीच्या संस्थांशी तिथेही वेगळा करार लागतो, पण सगळ्यांत मोठा अडथळा एका खिडकीत सुटतो. त्या आधारावर तिथे हजारो छोटी केंद्रं उभी राहिली, ज्यांत भारतीय संगीत वाजवणारीही आहेत. आपल्या संसदेने ३१-डमध्ये अशा छोट्या, मागणीवर न चालणाऱ्या प्रसारकांसाठी वेगळं पोटकलम घातलं, श्रोत्यांच्या संख्येप्रमाणे दर ठेवला आणि नावं जाहीर करण्याची अट घातली, तर बेळगाव, सांगली, बडोदा, इंदूर, बेंगळुरू इथल्या मराठी मंडळांना स्वतःचं केंद्र चालवता येईल. तोपर्यंत ही सगळी भिस्त एकट्या आकाशवाणीवर आहे, आणि तिथे मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक बंद होत असताना स्थानिक कार्यक्रमांचे तास राखले जातात की नाही, याकडे पुण्यातल्या श्रोत्याइतकंच जे. पी. नगरच्या श्रोत्यानेही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.